ऊसतोडीला गेलेल्या बायांची सुरक्षितता: नव्या कार्यकर्त्यांसाठी, गाव सोडण्यापासून पट्टा पडेपर्यंत

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागातली गावं रिकामी व्हायला लागतात. ट्रॅक्टर-ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं भरून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुण्याकडे आणि सीमेपलीकडे बेळगाव-बागलकोटकडे निघतात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परत. मधल्या काळात बाईवर होणाऱ्या हिंसेचं काम करायची इच्छा बऱ्याच जणांना असते, पण हातात धरायला टोक सापडत नाही. हा लेख अशा नव्या लोकांसाठी आहे: गावातली आशा, बचत गटाची ताई, ग्रामपंचायत सदस्य, समाजकार्याचे विद्यार्थी, कारखान्याच्या परिसरात राहणारी आणि आपल्या शेजारच्या माळावर पडलेल्या कोप्या, म्हणजे मजुरांच्या झोपड्या, बघून अस्वस्थ होणारी कुणीही.

नवी मंडळी बहुधा हेल्पलाइनची पत्रकं घेऊन तळावर, म्हणजे टोळीच्या मुक्कामाच्या जागी, जातात. पत्रकं द्याच. पण जिच्याकडे स्वतःचा फोन नाही आणि जिने बोललं तर अख्ख्या घरावर लाखभराचं देणं उभं राहतं, तिला नंबर देऊन फार काही बदलत नाही. माझं मत स्पष्ट आहे: या कामाचा निम्मा भाग गाडी गावातून हलायच्या आधीच करायचा असतो.

आधी व्यवहार समजून घ्या

ऊसतोडीत मजूर एकेकटा मोजला जात नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. पावसाळ्यातच मुकादम, म्हणजे टोळी जमवून कारखान्याला पुरवणारा ठेकेदार, या कोयत्याला उचल देतो, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम. मुकादमाला पैसे कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून आलेले असतात. तोडणीचा हिशोब टनावर होतो आणि त्यातून उचल फिटत जाते. काम चुकलं की खाडा, म्हणजे उलट पैसे कापले जातात. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर.

यात बाई कुठे आहे? ऊस तोडायला, मोळ्या बांधायला, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायला ती आहे. पहाटे उठून भाकरी थापायला आहे. उचलीच्या बोलणीत मात्र नाही. पैसे नवऱ्याच्या हातात येतात, कच्च्या चिठ्ठीवर अंगठा असलाच तर त्याचाच.

म्हणून तिच्यावर हात टाकणारा मुकादम असो, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर असो, जवळच्या गावातली टवाळ पोरं असोत की स्वतःचा नवरा, तिला गप्प बसवणारी गोष्ट एकच निघते. तक्रार केली तर टोळी हलवली जाईल, काम थांबेल, उचल अंगावर राहील. त्यात मुकादम बहुधा त्याच गावचा किंवा भावकीतला. परत जायचंही त्याच्याच गल्लीत.

खाड्याचा धाक शरीरापर्यंत कसा पोचतो, हे २०१९ मध्ये राज्यासमोर आलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीत सुट्टी नाही, फडात, म्हणजे तोडणीच्या शेतात, आडोसा नाही, अंगावरून जातंय म्हणून डॉक्टरकडे गेलं तर ‘पिशवी काढून टाका’. हे आकडे पाठ करायची गरज नाही. पण तळावरच्या बाईशी बोलणं पाळी, कंबरदुखी, अंगावरून जाणारं पाणी इथूनच सुरू होतं, हे लक्षात ठेवा. हिंसेचा विषय पहिल्या भेटीत काढलात तर दुसरी भेट होणार नाही.

पायरी १: गाडी भरायच्या आधी, गावातच

गणपती ते दसरा हा तुमचा कामाचा काळ. यादी करा: कोण जाणार, कुणाबरोबर, कोणत्या कारखान्याला. महाराष्ट्रात ऊसतोड कामगारांची नोंदणी ग्रामसेवकामार्फत करून ओळखपत्र देण्याची तरतूद आहे आणि त्यांच्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे. ओळखपत्र नवऱ्याचं होतं आणि बायकोचं राहून जातं. दोघांचं वेगळं करून घ्या. उद्या ‘ही आमची कामगारच नाही’ असं कुणी म्हटलं तर तो कागद बोलेल.

उचलीची रक्कम, तारीख, मुकादमाचं नाव आणि नवरा-बायको दोघांची नावं एका वहीत लिहून घ्या. मुकादम सही करायला तयार नसतो. नसू दे. पैसे देताना बचत गटातल्या दोन बाया हजर राहिल्या आणि त्यांनी तारखेसह वहीत टिपलं, तरी पुढे वादात उपयोग होतो. चिठ्ठी असेल तर तिचा फोटो. शक्य असेल तिथे रकमेचा काही भाग बाईच्या खात्यावर घ्यायला लावा. पहिल्या वर्षी नवरे ऐकत नाहीत. बचत गटाचं कर्ज त्या खात्याशी जोडलेलं असेल तर जरा ऐकतात.

कागदांचे फोटो: आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक, जातीचा दाखला. एक संच तिच्या फोनमध्ये, एक तुमच्याकडे. जातीचा दाखला का, ते पुढे येईल. रेशन कार्ड असेल तर परगावीही धान्य उचलता येतं, हे तिला सांगा. किराण्यासाठी मुकादमासमोर हात पसरावा लागला नाही की तिची मान थोडी मोकळी होते.

फोन हा खरा कळीचा मुद्दा. साधा बटणांचा चालेल, पण तो तिचा हवा. ते जमत नसेल तर टोळीतल्या दोन-तीन बायांत मिळून एक. नंबर कागदावर देऊ नका, पाठ करून घ्या: ११२ पोलीस आणि तातडीची मदत, १८१ महिला हेल्पलाइन, १०९८ मुलांसाठी, १०८ रुग्णवाहिका, १५१०० मोफत कायदेशीर मदत. हे कर्नाटकातही चालतात, म्हणून सीमा ओलांडणाऱ्या टोळ्यांना स्थानिक नंबरांपेक्षा हेच द्या. याखेरीज गावातल्या एका माणसाचा नंबर, जो रात्री दोनलाही फोन उचलेल. तो माणूस तुम्ही असाल तर फोन सायलेंटवर ठेवायची सवय सोडा.

एकटी जाणारी बाई, म्हणजे विधवा, टाकलेली, अर्धा कोयता म्हणून निघालेली, सगळ्यात जास्त धोक्यात असते. मुकादम तिला ‘घरच्यासारखी ठेवू’ म्हणतो. तिला एकटी कोणत्याही टोळीत पाठवू नका. बहीण, नणंद, ओळखीचं जोडपं असेल त्याच टोळीत तिची सोय बघा. तिची कोपी त्यांच्या कोपीला लागून असेल हे निघण्याआधीच मुकादमाशी चार माणसांसमोर बोलून घ्या.

वयात आलेल्या मुलींचं काय करायचं हे आईबापाला टोचत असतं. तळावर ठेवावं तर दिवसभर कोपीत एकटी, गावी ठेवावं तर कुणाच्या भरवशावर? याच कोंडीतून पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न लावून दिलं जातं, आणि लग्न झालं की नवा कोयता तयार. मुलींसाठी तीन वाटा बघा: शाळेचं हंगामी वसतिगृह, संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय. मुख्याध्यापकांना सप्टेंबरमध्येच गाठा, गाड्या निघाल्यावर नाही.

पायरी २: टोळी कुठे उतरली, हे कळायलाच हवं

कारखान्याचं नाव पुरत नाही. एका कारखान्याचं क्षेत्र दोन-तीन तालुक्यांत पसरलेलं असतं आणि टोळ्या गटागटांत विखुरतात. गाव, कारखान्याचं तिथलं गट ऑफिस, ट्रॅक्टरचा नंबर, मुकादमाचा आणि कारखान्याच्या चिटबॉयचा, म्हणजे फडावर नोंदी ठेवणाऱ्या माणसाचा, मोबाइल, जवळचं पोलीस ठाणं, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र एवढं आठवड्याभरात लिहून काढा. टोळी महिन्या-दीड महिन्यात दुसऱ्या फडाजवळ हलते, तेव्हा पुन्हा. बाईला विचारलं तर ती ‘कारखान्यावर आहोत’ एवढंच सांगेल. अडचणीच्या रात्री ११२ ला पत्ता सांगायचा असतो, म्हणून तळाजवळची खूण तिच्याकडून पाठ करून घ्या: अमुक गावाच्या पाणंद रस्त्यावर, टाकीच्या मागे.

तिथे तुमचा एक जोडीदार हवा. तळावर कुणाच्या भुवया न उंचावता जाऊ शकणारी माणसं दोनच, आशा आणि अंगणवाडी सेविका. गरोदर बाई, लहान मूल, लसीकरण ही त्यांच्या नेहमीच्या कामातली कारणं. स्थलांतरित माता-बालकांची नोंद दुसऱ्या गावच्या अंगणवाडीत होऊ शकते. गावच्या सेविकेला तिकडच्या सेविकेशी फोनवर जोडून द्या. साहेबांच्या दहा पत्रांपेक्षा हा एक फोन जास्त काम करतो.

पायरी ३: तळावरची पहिली भेट

अधिकाऱ्याच्या गाडीतून जाऊ नका. कारखान्याच्या माणसाबरोबर तर नकोच. बायका पहाटे अंधारात निघतात, संध्याकाळी परततात, वर कधी रात्री गाडी भरायला उठवलं जातं. म्हणून फडात काम चालू असताना जाऊन प्रश्न विचारणं म्हणजे त्यांची मजुरी बुडवणं. चूल पेटलेली असते ती संध्याकाळची वेळ बरी. बसा, भाकरी दिली तर खा.

बोलता बोलता नजर फिरवा. न्हाणी कुठे आहे? बहुतेक ठिकाणी चार काठ्यांना साड्या गुंडाळलेल्या असतात, कधी तेवढंही नसतं आणि बाया अंधार पडेपर्यंत थांबतात. शौचाला कुठे जातात, रस्त्यावरून दिसतं का? पाणी किती लांबून आणतात आणि वाटेत कुणाची वस्ती लागते? दिवा आहे का? जवळ दारूचा गुत्ता आहे का? एकटी बाई कडेच्या कोपीत आहे का? हिंसा कुठे आणि कधी होऊ शकते याचा बराचसा अंदाज इथेच येतो.

काही गोष्टी लगेच करता येतात. एकटीची कोपी मधोमध घ्या. सौर दिवा न्हाणीच्या वाटेवर लावा. पहाटे बाहेर जायला दोघी-तिघींचा गट ठरवा. पण इथे एक सावधानता हवी. ‘एकटीने जाऊ नका, अंधारात फिरू नका’ एवढंच सांगून आपण जबाबदारी बायांच्याच गळ्यात घालतो. पाणी, दिवा, शौचालय, न्हाणी ही मागणी कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याकडे लेखी करा, प्रत ग्रामपंचायतीला आणि तहसीलदारांना द्या, आणि पोच घ्या. मंजूर होईलच असं नाही. पण नंतर काही घडलं तर ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ म्हणायची सोय कुणाला उरत नाही.

पायरी ४: ती बोलते तेव्हा

ती सरळ बोलणार नाही. ‘त्या ड्रायव्हरची नजर बरी नाही’, ‘मला गावी सोडा’, ‘पोरीला तुमच्याकडं ठेवा’ असं काहीतरी येईल. कधी दुसऱ्याच बाईची गोष्ट म्हणून स्वतःची सांगेल. ऐका. तपशील खोदू नका, ते काम पोलीस आणि न्यायदंडाधिकाऱ्यांचं आहे. प्रत्येक वेळी नव्याने सांगायला लावलं की तिचा जीव मेटाकुटीला येतो आणि जबाबात फरक पडत जातो.

तीन गोष्टी कधीच करू नका. फोटो किंवा नाव व्हॉट्सअॅपवर टाकणं: बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, भले तुमचा हेतू मदतीचा असो. मुकादमाला बोलावून चार माणसांत ‘मिटवून’ टाकणं: अशा बैठकीत उचलीतून काही हजार वजा होतात आणि बाई त्याच तळावर त्याच माणसाच्या हाताखाली राहते. आणि ‘मी बघतो, काही होणार नाही’ असा शब्द देणं.

सज्ञान बाईच्या बाबतीत पुढचं पाऊल तिचं. तक्रार करायची की नाही, आज की चार दिवसांनी, नवऱ्याला सांगायचं की नाही. तुमचं काम तिच्यासमोर वाटा ठेवण्याचं आणि कोणत्या वाटेला किती वेळ हातात आहे ते सांगण्याचं. तक्रार नको असली तरी औषधोपचार हवेतच, एवढं मात्र आग्रहाने सांगा.

पायरी ५: बलात्कार झाला असेल तर पहिले चार दिवस

इथे घड्याळ महत्त्वाचं. शरीरावरचे पुरावे साधारण ९६ तासांपर्यंत घेता येतात, जितकं लवकर तितकं चांगलं. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. गर्भधारणा टाळण्याची गोळीही लवकरच घ्यायची. अंगावरचे कपडे धुवू नका. बदलले असतील तर कागदी पिशवीत किंवा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकमध्ये ओल धरते. अंघोळ झाली असली तरी दवाखान्यात जायचंच. ‘आता काय उपयोग’ म्हणून परत फिरू नका.

आधी पोलीस ठाणं की आधी दवाखाना? दोन्हीकडून सुरुवात करता येते. सरकारी असो की खासगी, दवाखान्याने मोफत प्रथमोपचार करायचेच आहेत, एफआयआर नसतानाही. नकार दिला तर तो स्वतंत्र गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम २००. डॉक्टर पोलिसांना कळवतील. सज्ञान बाईला त्या वेळी तक्रार द्यायची नसेल तर तसं लिहून नोंदवता येतं, उपचार थांबत नाहीत. तपासणी तिच्या संमतीने, दुसऱ्या एखाद्या बाईच्या उपस्थितीत. बाईला लैंगिक संबंधांची ‘सवय’ आहे का ते बघणारी ‘दोन बोटांची चाचणी’ सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट शब्दांत नाकारली आहे. कुणी करू पाहिली तर थांबवा.

पोलिसांत बहुतेक वेळा पहिलं वाक्य येतं, ‘हे आमच्या हद्दीत नाही.’ टोळी परवाच दुसऱ्या तालुक्यात हललेली असेल तर हे हमखास. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावी लागते. ‘झिरो एफआयआर करा’ असं शांतपणे म्हणा. गावी परतलेली बाई केजच्या ठाण्यातही सांगलीतल्या घटनेची खबर देऊ शकते. तिचा जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, एफआयआरची प्रत तिला मोफत द्यायची. नोंदवायला नकार मिळाला तर त्याच दिवशी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना, पोच जपून ठेवा. लैंगिक गुन्ह्यांची खबर न नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम १९९ लागू शकतं. पण ठाण्यात पाय ठेवल्या ठेवल्या कलमं ऐकवू नका. आधी विनंती, मग वरिष्ठ, मग कलम.

बाई अनुसूचित जाती किंवा जमातीची असेल आणि आरोपी तसा नसेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ पहिल्याच एफआयआरमध्ये यायला हवा. नंतर घालून घेणं फार कष्टाचं जातं. त्याने तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो, अटकपूर्व जामीन अवघड होतो आणि अर्थसाहाय्याचे टप्पे सुरू होतात. जातीच्या दाखल्याचा फोटो आधीच घ्यायला सांगितला तो यासाठी.

राहायचं कुठे हा त्या रात्रीचा खरा प्रश्न असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं. तिथे काही दिवसांचा निवारा, समुपदेशन, पोलीस आणि वकिलाची मदत एकाच छताखाली मिळते. १८१ वरून तिथे जोडून देतात. बरोबर लेकरं असतील तर तसं आधी सांगा. तिचा नवरा बरोबर असेल तर त्याच्याशीही बसून बोला. तो अनेकदा मुकादमाच्या दबावाखाली तिच्यावरच चिडलेला असतो.

वकील फुकट मिळतो. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही, अर्ज जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयात. अत्याचारपीडितांसाठीच्या मनोधैर्य योजनेखालची आर्थिक मदतही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडूनच येते, म्हणून एकाच फेरीत दोन्ही अर्ज करून टाका.

पायरी ६: हात धरणं, घाणेरडं बोलणं, ‘मजा’ मागणं

याला तळावर कुणी गुन्हा म्हणत नाही. मोळी उचलून देताना मुद्दाम अंगचटीला येणारा, खाडा माफ करायच्या बदल्यात ‘एकटी ये’ म्हणणारा, हे सगळं २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळविरोधी कायद्यात बसतं. ठेकेदारामार्फत आलेली बाईसुद्धा या कायद्याला कर्मचारी आहे, आणि मालकाने पुरवलेलं वाहनही कामाचं ठिकाण आहे. गावाकडून निघालेल्या ट्रॉलीत घडलेलंही यात येतं.

अशा तक्रारी ऐकायला कारखान्यात अंतर्गत समिती असायलाच हवी. कारखाना म्हणेल, टोळी आमची नाही, मुकादमाची. त्या वादात पडू नका. तक्रार याच कायद्याखालच्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे द्या, प्रत कारखान्याला. तालुक्याला तक्रारी घेण्यासाठी समन्वय अधिकारी नेमलेला असतो, त्याने ती सात दिवसांत पुढे पाठवायची असते. मुदत घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीन. हंगाम पाच-सहा महिन्यांचा आहे, म्हणजे ‘गावी गेल्यावर बघू’ म्हटलं की मुदत उलटायला लागते. बाईला लिहिता येत नसेल तर समितीनेच लिहून घ्यायला मदत करायची आहे. तिच्या लेखी संमतीने तुम्हीही देऊ शकता असे प्रसंग नियमांत आहेत.

अर्ज साधा असू द्या. नमुना:

‘मी, (नाव), राहणार (गाव, तालुका, जिल्हा), सध्या (कारखाना) यांच्या (गाव) येथील तळावर मुकादम (नाव) यांच्या टोळीत ऊसतोडीचं काम करते. दिनांक … रोजी अंदाजे … वाजता (ठिकाण) येथे (नाव) याने माझ्याशी … असं वर्तन केलं. त्या वेळी … हजर होते. यापूर्वी … वेळा असं घडलं आहे. चौकशी व्हावी, चौकशी होईपर्यंत त्याला आमच्या टोळीपासून दूर ठेवावं आणि तक्रारीमुळे माझं काम किंवा हिशोब थांबवू नये, ही विनंती.’

शेवटची ओळ गाळू नका. बाईला सगळ्यात जास्त भीती त्याच गोष्टीची असते. आणि समितीसमोर पैसे घेऊन तडजोड करता येत नाही, हे मुकादमालाही सांगा.

पायरी ७: मारणारा नवराच असेल तर

हे सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी सांगितलं जाणारं. उचलीचे पैसे दारूत, हिशोबाच्या दिवशी भांडण, थकलेल्या बाईने नाही म्हटलं म्हणून मार. घरगुती हिंसाचार कायदा, २००५ इथे चांगला उपयोगी पडतो, कारण बाई तात्पुरती जिथे राहते किंवा काम करते तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो. कोपी असली तरी. महिला व बालविकास विभागाचा संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल भरून देतो.

मात्र सल्ला देताना वास्तव सोडू नका. तिने वेगळं व्हायचं ठरवलं की कोयता मोडतो, आणि मुकादम उरलेली उचल दोघांकडून किंवा तिच्या माहेराकडून मागायला येतो. त्यामुळे ती माहेरी जायच्या आधी वहीतला हिशोब काढून बसा: किती टन झाले, किती फिटले, काय बाकी. तिची निम्मी मेहनत त्यात आहे, हे नवऱ्यालाही तोंडावर सांगायला हरकत नाही. अनेकींना लगेच वेगळं व्हायचं नसतं, मार थांबवायचा असतो. त्यासाठी याच कायद्याखालचा न्यायालयाचा संरक्षण आदेश आहे.

पायरी ८: ‘उचल फेडल्याशिवाय जायचं नाही’

मुकादम टोळी अडवून ठेवतो, कुणा एका बाईला किंवा पोराला ‘तारण’ म्हणून थांबवतो, फोन काढून घेतो. हा देण्याघेण्याचा वाद राहिलेला नसतो. आगाऊ पैशांच्या बदल्यात माणसाला जाऊ न देणं म्हणजे वेठबिगारी, आणि ती १९७६ पासून कायद्याने बंद आहे. त्या कायद्याखाली असं कर्जच संपुष्टात येतं. अडवलेली माणसं सोडवायला ११२, आणि त्याच वेळी उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी अर्ज. सुटकेनंतर ‘मुक्तता प्रमाणपत्र’ घेतल्याशिवाय गावी परतू नका. ते नसलं तर मुकादम दोन महिन्यांनी गावात येऊन तेच पैसे मागतो आणि पुनर्वसनाची मदतही मिळत नाही. या कारवाईला अधिकारी नाखूश असतात, ‘कामगारांनी पैसे बुडवले’ अशी मुकादमाची उलट तक्रार आधीच आलेली असते. उचलीची वही इथे पुन्हा लागते.

पायरी ९: मुलगी अठराच्या आतली असेल तर

इथे ‘तिचा निर्णय’ हा नियम बदलतो. पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवायची आहे. तुम्हीसुद्धा. हे आईला आधीच सांगा, तिच्या पाठीमागे करू नका. १०९८ वर फोन, बालकल्याण समिती, आणि जबाब घेताना मुलीच्या विश्वासाचं माणूस सोबत. घरच्यांचा पहिला विचार पटकन लग्न उरकण्याचा असतो. तसं कानावर आलं तर ग्रामसेवकाला कळवा, गावपातळीवर तोच बालविवाह प्रतिबंध अधिकारी आहे.

पायरी १०: पट्टा पडल्यावर

टोळी परतली की बहुतेक प्रकरणं विरून जातात. आरोपी सांगलीत, साक्षीदार धारूरच्या तांड्यावर, समन्स जुन्या तळाच्या पत्त्यावर. म्हणून एफआयआरमध्ये आणि जबाबात पहिल्या दिवसापासून गावचा कायमचा पत्ता आणि दोन फोन नंबर लिहायला लावा. साक्ष देणाऱ्या टोळीतल्या बायांचेही. तपासाची प्रगती नव्वद दिवसांत तक्रारदाराला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. कळवलं नाही तर लेखी विचारा.

प्रकरण कर्नाटकातलं असेल तर कागद कन्नडमध्ये येतील. तिथल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मराठी जाणणारा वकील मागा, बेळगाव भागात असे वकील सापडतात. तारखांना जायचा खर्च हा मोठा अडसर. साक्षीदाराला प्रवासभत्ता मिळू शकतो, पण तो न्यायालयात मागावा लागतो. तारीख पुढच्या हंगामात पडली तर बाई त्या वेळी कोणत्या जिल्ह्यात असेल ते वकिलाला आधी कळवा, आणि व्हिडिओ कॉन्फरन्सने साक्ष होऊ शकते का ते विचारायला सांगा.